घाटेकाकांचा भोंगा

घाटेकाका तोंडानं भोंगा वाजवतात. साधासुधा नाही, फॅक्टरीचा. आधी खालून घरघर, मग चढत चढत 'ऊऽऽऽ', आणि शेवटी हळूच खाली. सकाळी अकरापासून दर तासाला, आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर कोपर टेकून. मागोमाग आरोळी: "चलो, उठा! खुर्ची सोडा!"

ही खुर्ची माझी. मी घरूनच ऑफिस करते. मीटिंगमध्ये साहेबांनी एकदा घाबरून विचारलं, "मॅडम, सायरन वाजतोय, तुमच्याकडे काही धोका आहे का?" काय सांगणार, कप्पाळ! म्हटलं, "शेजारी आहेत."

काकांनी जन्मभर फॅक्टरीत मशिनी दुरुस्त केल्या. माणसाकडेही ते तसंच पाहतात. "बसून बसून जंग चढून राहिला तुला. दिल म्हणजे पंप आहे बेटा, याचा पुर्जा कांचघरच्या बाजारात मिळत नाही." हे त्यांनी दूधवाल्याला, पोस्टमनला आणि एकदा माझ्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही ऐकवलंय. कोपऱ्यावरून दही आणायला मी स्कूटी काढली की फाटकात आडवे. "काहून? पाय गिरवी ठेवले का?" मी मोबाइलवरून समोसे मागवले, तर ते आणणाऱ्या भैयाला पाणी पाजलं आणि मला म्हणाले, "पायऱ्या हा चढून राहिला, समोसे तू खाणार. उलटं करा जी!"

खरं सांगू? त्या आवाजानं मला चीड येते आणि त्याच आवाजानं बाबा आठवतात. आमच्या लहानपणी खरा भोंगा व्हायचा आणि आमची अख्खी घमापूर वस्ती हलायची. आई त्यावर कुकर चढवायची, आमच्या वेण्या त्यावर व्हायच्या. सायकलींची रांग निघायची, त्यात बाबा आणि काका शेजारी शेजारी, हँडलला डबे लटकवून. रविवारी खोव्याची जिलबी हाणायचे, सोमवारी पुन्हा पायडल. 'व्यायाम' हा शब्द घरात कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आता बाबा नाहीत, काकूही गेल्या. काकांची सायकल व्हरांड्यात चादर पांघरून उभी असते.

अकराच्या भोंग्याला मात्र काकांच्या हातात मोबाइल असायचा. पलीकडे मुकुंदा, त्यांचा मुलगा, हैदराबादला. मागच्या वर्षी, चाळिशीही गाठली नव्हती, तर त्याच्या छातीत कळ आली. स्टेंट टाकावा लागला. डॉक्टरांनी यादीच वाचली: दिवसभर खुर्ची, अवेळी मागवलेलं जेवण, अर्धवट झोप, सिगारेट. काका तिथून परतले ते भोंगा घेऊनच. मला म्हणाले, "सिगारेट मी इथून हिसकावू शकत नाही, झोप मी आणू शकत नाही. उठवू तर शकतो ना!"

मुकुंदा म्हणायचा, "हो पप्पा, उठलो." मग जेवला का, औषध घेतलं का, असं मिनिटभर चालायचं. तेवढ्या मिनिटावर काकांचा दिवस निघायचा.

परवा सव्वाअकरा झाले तरी भोंगा नाही. मी धावत गेले, तर काका खुर्चीत बसलेले. काका, आणि खुर्चीत!

"काय झालं? मुकुंदा ठीक आहे ना?"

"एकदम फिट." त्यांनी मोबाइल पुढे केला. मुकुंदानं लिहिलं होतं, 'पप्पा, तुमचा भोंगा रेकॉर्ड करून अलार्मला लावला. दर तासाला वाजतो, सगळं ऑफिस उठतं. आता तुम्ही रोज फोनची तकलीफ घेऊ नका.'

"चांगलंच केलं त्यानं," काका म्हणाले. "मशीन टायमाची पक्की. मीच कधी दोन मिनिटं चुकायचो." मग मोबाइल खिशात ठेवत, "आता फोन करायचं काम नाही राहिलं."

वर्षभर ज्या आवाजाच्या नावानं बोटं मोडली, तोच आता हवा होता.

"काका, माझा अलार्म बंद पडलाय."

त्यांनी माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या मोबाइलकडे पाहिलं. "काहून?"

"काय माहीत. पुर्जा मिळून नाही राहिला."

काका उठले. सदरा खाली ओढला, भिंतीशी आले आणि घरघर सुरू केली. आवाज मध्येच फाटला, तरी शेवटपर्यंत नेला. मी फाटकापर्यंत दोन चकरा मारल्या.

"बस, झालं," काका म्हणाले. "जा, ऑफिस कर."

मी तिसरी मारली.