डोमाभाऊची हवा

आलापल्ली-सिरोंचा सर्व्हिस मोटर जंगलात थांबली की आमचे ड्रायव्हर डोमाभाऊ आधी अकरा वेळा हॉर्न वाजवत. मग खिडकीतून हात काढून पत्र्यावर रिकामा डबा बडवत. मग आजूबाजूच्या प्रत्येक झुडपात एकेक दगड. या दगडांची टोपली त्यांच्या सीटखालीच असे. एवढं झालं की दार बोटभर उघडत, खाकरत, "काई सांगता येत नाई बाप्पा," असं म्हणत आणि मग खाली पाय टाकत.

मी त्यांचा कंडक्टर. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण त्या साठ मैलांच्या रस्त्यावर राज्य अजून वाघाचंच होतं. डोमाभाऊंचा सहा फुटी देह, भरघोस मिशा, आणि भीती म्हणाल तर वाघाची, अस्वलाची, आग्यामोहोळाची, झालंच तर मोराचीसुद्धा. एकदा एका बाईच्या गाठोड्यातली कोंबडी फडफडली, तर डोमाभाऊ थेट बॉनेटवर जाऊन बसले होते.

एवढा भित्रा माणूस, पण पंक्चर झालं की मला उतरू देत नसे. बाकीच्या मोटरींत पंप मारणं कंडक्टरच्याच गळ्यात. इथे मात्र, "महादेवा, तू आत बस. दार लाव." आणि स्वतः घामानं निथळत, दर दहा हातांनी मागे वळून बघत, हातपंपाचे तीनशे हात मारायचे. उतारू मला हसत. यांना मी अगदीच बिनकामाचा वाटतो की काय, म्हणून मला रागही येई.

"पाठ जंगलाकडे करा लागते, तेच वाईट हाय," ते म्हणत. "हवा लवकर भरली पाहिजे गा. एकदम लवकर."

लवकर हवा भरायचा मार्ग त्यांना सापडला एका नाल्यात. शिकारीला आलेल्या कुण्या बड्या पाहुण्याची लांबलचक अमेरिकन मोटर तिथे उलटली होती. तिच्यात गारव्याचं यंत्र होतं. मोटर भंगारात निघाली तेव्हा डोमाभाऊंनी पाहुण्यापुढे हात जोडले आणि त्या यंत्राचा इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर तेवढा मागून आणला.

सगळ्या आलापल्लीत बोंब झाली की आता सर्व्हिस मोटरीत थंड वारा सुटणार. मालक खूश झाले.

"गारवा काऊन पाहिजे?" डोमाभाऊ म्हणाले. "हे गॅस दाबते ना? मंग साधी हवा दिली तं तेबी दाबन."

कॉम्प्रेसर त्यांनी आमच्या इंजिनाला पट्ट्यानं जोडला. तिसऱ्या दिवशी तो तेलावाचून अडकला आणि पट्टा जळाला. मूळच्या यंत्रात गॅसबरोबरच तेल फिरतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मग हवा आत ओढणाऱ्या तोंडावर धुळीसाठी फडकं आणि तेलाचे थेंब पडायला बुधली बसवली. हवा साठवायला लष्करी लिलावातली लोखंडी टाकी मोटरीतल्या पायाखालच्या फळ्यांखाली बांधली, आणि तिला चारही चाकांना पुरेल एवढी रबरी नळी. टाकी फुटू नये म्हणून एक स्प्रिंगची झडप होती. टाकी भरली की ती 'फूस्स' करी आणि सगळे उतारू साप समजून पाय वर घेत. डोमाभाऊ स्वतःसुद्धा घेत.

त्या उन्हाळ्यात आमच्याच रस्त्यावरच्या जिमलगट्ट्याच्या बाजूला वाघानं दोन माणसं नेली होती. एका दुपारी तिथेच लालसू नावाच्या माडिया माणसानं मोटर थांबवली. सोबत बायको होती. आदल्या दिवसापासून अडलेली. तिच्यात ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. दवाखाना आलापल्लीला.

चार मैलांवर पुढचं चाक बसलं. स्टेपनी सकाळीच वापरली होती. टायर कडेनं चिरला होता. आम्ही ट्यूबला ठिगळ लावलं, पण ते हवा धरेना. दोन मैल गेलं की चाक पुन्हा खाली.

"भरत भरत जाऊ," डोमाभाऊ म्हणाले. "महादेवा, माह्या जागी बस. ॲक्सिलेटर दाबून ठेव."

ते उतरले. हॉर्न नाही, डबा नाही, दगड नाही. नळी लावली, दोन मिनिटांत हवा भरली आणि परत आले. असं पाच वेळा झालं.

सहाव्या वेळी उतरले तेव्हा वरच्या झाडावरून वानरं खकारू लागली. रस्त्यालगतच्या बांबूत काहीतरी जड हललं आणि थांबलं. उग्र वास आला. मोटरीत कुणी श्वास घेईना.

"डोमाभाऊ, आत या!" मी ओरडलो. "मी उतरतो!"

"दार उघडशीन तं याद राख!" त्यांचा आवाज चिरका झाला होता. मान सारखी बांबूकडे वळत होती, पण नळी त्यांनी सोडली नाही. लालसू बायकोचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत होता.

तेवढ्यात झडप सुटली. फूस्स! बांबू कडाकडा वाकले आणि ते जड काहीतरी आत, दूर निघून गेलं. वाघ आम्हाला दिसला नाही. दिसला असता तर बरं, असं अजून वाटतं.

आणखी चारदा थांबून आम्ही दवाखान्यात पोचलो. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. बाई वाचली. बाहेरच्या पायरीवर डोमाभाऊ गुडघे धरून बसले होते.

"तुम्ही मला उतरू का देत नाही?" मी विचारलं.

त्यांनी मोटरीच्या त्या चाकाकडे पाहिलं.

"तुह्या आधी गोविंदा होता," मग म्हणाले. "पंक्चर झाली. मी म्हटलं, तूच मार गा पंप, माही कंबर दुखून राह्यली." त्यांनी तोंड फिरवलं. "कंबर नोहोती दुखत. मले भेव वाटे. तो गेला तं गेलाच. पंप तेवढा रस्त्यात पडून होता."

मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती परातीतलं पीठ मळता मळता थांबली.

"म्हणजे ते तुमचे ड्रायव्हर होय?" ती म्हणाली. "उंच, मिशावाले? तुम्ही कामावरून घरात शिरले का रोज समोरच्या चिंचेखाली उभे दिसतात. दार लागलं का निघून जातात. मले वाटलं, कोणी येडा असन."

मी दार उघडलं. ते चिंचेखाली होतेच. मला पाहून दचकले, आणि वाट चुकल्यासारखं करून वळू लागले.

"डोमाभाऊ," मी म्हणालो, "आत या. जेवून जा."

"नाई, मी असाच..." असं म्हणत ते जरा वेळ तिथेच घुटमळले. मग आले, दाराबाहेर चपला काढल्या, दोन्ही नीट जोडून ठेवल्या आणि मान खाली घालून आमच्या घरात शिरले.