लिनक्सवर रुसलेले फुवा

कम्प्युटर कोणताही आणा, माझा प्रोग्राम चालणारच! हे वाक्य मी माझ्या मेव्हण्याच्या, प्रेमच्या, लग्नाच्या सकाळी मलकापूरच्या मंगल कार्यालयात छाती काढून बोललो. ऐकायला कार्यालयाचे मालक मुजम्मिलभाई होते. फाटकावर त्यांनी मोठा स्क्रीन लावला होता. आलेल्या पाहुण्याचं नाव टाकलं की त्यावर स्वागत झळकणार होतं.

भानगड सोपी. एक प्रोग्राम नाव लिहितो, दुसरा दाखवतो. मधे दोघांचा सामायिक डबा, कम्प्युटरच्या मेमरीतला. तो सांभाळायला मी एक फुकटची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, घेतली होती. कम्प्युटरवर विंडोज असो की लिनक्स, सगळीकडे चालते म्हणे! घरी, धाड गावात, विंडोजवर चोख चालली. कार्यालयात लिनक्स होतं.

चाचणी म्हणून मी गमतीत टाकलं, 'उकंडराव फुवा, रुसू नका, जेवून घ्या!' फुवा म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीचे यजमान. मग प्रोग्राम बंद केला नि निवांत आंघोळीला गेलो. घरी बंद केला की डबा आपोआप रिकामा व्हायचा.

परत येतो तर वऱ्हाड फाटकात, मुजम्मिलभाईंनी प्रोग्राम सुरू केलेला आणि स्क्रीनवर हातभर अक्षरांत फुवा!

"तुमी रुसले? काऊन?" सगळ्यात आधी फुवांची बायको, म्हणजे आत्या, धावल्या.

फुवा बिचारे मठ्ठा पिऊन राह्यले होते. "म्या कुठं रुसलो?"

"आता लपवू नका न!" सासरे हात जोडून उभे. मागून व्याही शाल घेऊन पळत आले. एवढी मनधरणी होऊन राह्यली म्हटल्यावर फुवांनी गिलास खाली ठेवला, खुर्ची फाटकात ओढली नि खरंच रुसले!

"नवरदेव सोता येईन तवाच उठीन!"

आत भटजी घड्याळ बघत होते. "हे उठल्याबिगर मी अक्षता हाती घेत नाई!" आत्यांनी जाहीर केलं.

"माह्या भावाचा मुहूर्त चुकला तर याद राखा!" जयमाला, माझी बायको, माझ्या कानात फुत्कारली.

प्रोग्राम बंद केला, सुरू केला. फुवा हजर! पुन्हा बंद, पुन्हा सुरू. फुवा हलेनात! शेवटी आचाऱ्याच्या पातेल्याआड बसून लायब्ररीचा कोड उघडला. वर पाटी 'सगळीकडे चालते', आणि आत विंडोजची फाइल वेगळी, लिनक्सची वेगळी! विंडोजवर शेवटचा प्रोग्राम बंद होऊन उठला की डबा विरघळतो. लिनक्सवर तो कुणी हातानं काढल्याशिवाय जागचा हलत नाही.

सापडलं! मी प्रोग्राम बंद करून डबाच उडवला. नेमका तेव्हाच प्रेम बाशिंग सांभाळत फुवांच्या पाया पडला होता. फुवा अर्धे उठले आणि मागे स्क्रीन कोरा झाला.

"माह्यं नाव काऊन पुसलं बे?" फुवा मटकन बसले. "एवढा अपमान! आधी नाव लावा, मंग उठतो!"

काय करता! तेच वाक्य मी स्वतःच्या हातानं पुन्हा टाकलं. फुवा शाल सावरत उठले आणि मुहूर्त कसाबसा गाठला. फाटकातल्या प्रत्येक फोटोत नवरानवरीच्या डोक्यावर तेवढे फुवा आहेत.

घरी आल्यावर लायब्ररीवाल्यांना मी तावातावानं दोष कळवला. पाठवल्यावर वाचलं तर रागाच्या भरात डब्याच्या जागी मी लिहिलं होतं, 'विंडोजवर फुवा आपोआप उठतात, लिनक्सवर हाताला धरून उठवावे लागतात!'

तिकडून उत्तर आलं, 'हा दोष नाही. ते असेच वागतात.'