बसीन तर आपल्या गाडीत

खरसुंडीच्या यात्रेला निघताना धुळानं आपल्या पिकअपच्या केबिनमध्ये बायकोला आणि मेहुणीला बसवलं, आणि थोरल्या भावजयीला, म्हणजे हरणाबाईला, मागं हौद्यात बसायला सांगितलं. मागं वारं चांगलं लागतं, असंही वर म्हणाला. हौद्यात पोरं होती, दोन पातेली होती आणि नवसाचं बोकड होतं. हरणाबाईचा एक पाय तोवर फळीवर गेला होता. तो तिनं खाली घेतला.

“धुळा,” ती म्हणाली, “आता बसीन तर आपल्या गाडीत. न्हाईतर चालीन. दुसऱ्या कुणाच्या गाडीला पाय लावायची न्हाई.”

हे तिनं हळू म्हटलं असतं तर चार दिवसांनी विसरताही आलं असतं. पण हळू बोलायची तिला सवय नव्हती. दोन वस्त्यांनी ऐकलं, आणि यात्रेहून माणसं परतायच्या आत ते आटपाडीच्या बाजारपेठेत पोचलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं रविराजला फोन लावला. रविराज तिचा एकुलता मुलगा, तिकडं तमिळनाडूत सोनं गाळायच्या दुकानात. दोन वर्षांतून एकदा यायचा, आठ दिवस झोपायचा आणि जायचा. गाडी चालवणार कोण, हे विचारायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण नवरा गेल्यापासून आईनं काही मागितलं नव्हतं, म्हणून त्यानं गपगुमान सांगलीच्या शोरूममध्ये आईच्या नावानं नोंदणी केली. साधी नको, दणकट हवी. लांब हौद्याची, स्प्रिंगच्या जाड पाट्यांची. तशी गाडी दुकानात तयार नसते, कारखान्यातून सांगून करून घ्यावी लागते, असं शोरूमच्या अमृतनं कळवलं. दीड महिना लागेल म्हणाला.

दीड महिन्याचे तीन महिने झाले. अमृतचा दर सोमवारी फोन यायचा. कारखान्यात काम थांबलंय, कसलीशी नखाएवढी वस्तू परदेशातनं येते, ती येईना.

“एवढी मोठी गाडी नखाएवढ्या वस्तूवाचून अडती?” हरणाबाईनं विचारलं.

“व्हय आज्जी.”

“मग ती वस्तूच इकायची की. गाड्या कशाला इकताय?”

असली बोलणी अमृतला दर सोमवारी बसायची. तरी तो बिचारा फोन करायचा. सोमवार सोडला तर तिचा फोन फारसा वाजायचा नाही.

कारण चालत जायचं म्हटलं की माणूस किती ठिकाणी जाऊ शकत नाही, हे हळूहळू दिसायला लागलं. शनिवारच्या बाजाराला चार किलोमीटर ती चालायची. आधी वडापच्या जीपा थांबायच्या, ‘बसा मावशी’ म्हणायच्या. मग थांबायच्या बंद झाल्या, नुसता हात करायच्या. मग हातही बंद झाला. एसटीच्या कंडक्टरनं एकदा समजूत घातली, की एसटी काय कुणा एकाची नाही, सरकारची म्हणजे आपलीच. हरणाबाई म्हणाली, मग लाव की माझ्या दारात. त्यानं घंटी मारली.

डोळ्यांच्या शिबिराची गाडी येऊन गेली, हरणाबाई तिच्यात बसली नाही. भाचीच्या लग्नाला गेली नाही. मग लोकांनी बोलवायचंच सोडलं. सांगून काय उपयोग, येणार नाही. आणि बोलावून नाही म्हणवून घेण्यापेक्षा न बोलावलेलं बरं. पत्रिका वस्तीवरून पुढं धुळाच्या घरी जायच्या. ती ओसरीत बसून पत्रिका वाटणाऱ्यांच्या मोटरसायकलचा धूर बघायची आणि कोंबड्यांना शिव्या द्यायची. कोंबड्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

खरी अडचण श्रावणात आली. तिची मुलगी राणी पलूसला दिलेली. पहिलंच बाळंतपण, सातवा महिना. माहेरच्या माणसानं न्यायला जायचं, ओटी भरून आणायचं, ही रीत. धुळा स्वतः आला. झालं गेलं सोडा वयनी, माझी गाडी घेऊन जाऊया, म्हणाला. हरणाबाईनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. राणीला फोनवर सांगितलं, थोडं थांब, आपल्याच गाडीतनं नेते, केबिनमध्ये बसवून.

राणी थांबली. गाडी थांबली. बाळ मात्र थांबलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पलूसच्याच दवाखान्यात मुलगा झाला. नाव शिवतेज ठेवलं, हे हरणाबाईला फोनवर कळलं. बारशाला कोण कोण आलं होतं, हे तिनं विचारलं नाही. राणीनं सांगितलंही नाही. त्यानंतर राणीचे फोन आखडले.

माघात एका सोमवारी अमृतचा आवाज वेगळाच होता. गाडी आली होती. पासिंग झालं होतं. ताबा घ्यायला आज्जींनी फक्त यायचं होतं, सहीला आणि फोटोला.

“यायचं कशात?”

“कशातबी या की.”

“कशातबी मी बसत न्हाई. माझ्याच गाडीत बसणार.”

“आज्जी, तुमची गाडी हितं सांगलीत हाय.”

“मग पाठव.”

“तुमी आल्याशिवाय पाठवता येत न्हाई.”

“ती आल्याशिवाय मला येता येत न्हाई.”

शेवटी अमृतनं साहेबांना विचारून सांगतो म्हटलं. साहेबांनी नियम सांगितला. रविराजनं तमिळनाडूतनं सांगितलं, आई, एकदा एसटीत बस, कोण बघतंय. मी बघते की, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरी बांधली, कोंबड्या शेजारणीकडं दिल्या आणि सांगलीला चालत निघाली.

हे ऐकायला येडेपणाचं वाटतं. पण लग्नानंतरची वीस वर्षं हरणाबाई दर साल मेंढरांमागं कृष्णाकाठापर्यंत पायीच गेली होती, एका साली तर पाठीवर रविराज आणि पोटात राणी घेऊन. ती वाट तिच्या पायांना पाठ होती.

दोन मैलांवर मागं हॉर्न वाजला. धुळाची पिकअप माणसाच्या चालीनं मागं येत होती. तो खिडकीतनं हात जोडत होता, आणि त्याच्या मागं अडकलेले ट्रकवाले त्याच्या आईबापाची आठवण काढत होते. हरणाबाईनं मान वळवली नाही. शेवटी केबिनमधनं रंगुबाई, धुळाची बायको, उतरली आणि तिच्या शेजारनं चालायला लागली. दहा महिन्यांत दोघी जावा एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. मैलभर तशाच चालल्या.

“त्या दिवशी माझी बहीण मागं बसली असती तरी चाललं असतं,” रंगुबाई म्हणाली.

“मग तवा का न्हाई बोललीस?”

“तुमीच लय बोलत हुता.”

भिवघाटापर्यंत रंगुबाई आली. तिथनं तिचे गुडघे पुढं येईनात. जाताना तिनं आपली पाण्याची बाटली दिली, आणि हरणाबाईनं ती घेतली.

दुसऱ्या रात्री विट्यात लांबच्या पाहुण्यांकडं मुक्काम झाला. पाहुण्यांनी इतक्या वर्षांनी कशी वाट चुकलात म्हणून जेवायला घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पलूसला राणीच्या दारात उभी राहिली. पायांना फोड आले होते. राणी मुलाला पाळण्यात घालत होती. तिनं आधी आईकडं बघितलं, मग आईच्या मागं रस्त्याकडं.

“गाडी कुठाय?”

“न्हाई. चालत आले.”

“आटपाडीस्नं?”

“व्हय.”

राणीनं पाणी आणून दिलं. मग खाली बसून आईच्या तळपायाला तेल लावायला घेतलं, आणि तोंड वर न करता म्हणाली, “चालत येता येत हुतं, तर श्रावणात का न्हाई आलीस?”

हरणाबाईनं पाय आखडून घेतला. चालत यायचं, हे तिला खरंच सुचलं नव्हतं. न्यायचं म्हणजे गाडीतनं न्यायचं, एवढंच डोक्यात धरून ती बसली होती. नुसतं यायचं पण असतं, हे राहूनच गेलं होतं. शिवतेज तिला बघून रडायला लागला. तिनं त्याला मांडीवर घेतला आणि तो थकेपर्यंत रडू दिला.

चालत निघालेली आज्जी पलूसला लेकीकडं थांबलीय, ही बातमी शोरूमला पोचली होती. आज्जी रस्त्यात पडल्या तर पेपरात नाव येईल, म्हणून साहेबांनी नियम वाकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अमृत स्वतः गाडी चालवत पलूसला आला. पांढरी, उंच, बॉनेटवर हार. आटपाडीलाच का नाही आणली, असं हरणाबाईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही चालत निघाला नव्हता तोवर साहेबांचा नियम होता. सही झाली. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो झाला. दुसऱ्या फोटोसाठी ती केबिनमध्ये चढून बसली. सीट मऊ होती.

“चल,” ती राणीला म्हणाली. “पोराला घे. माहेरला जाऊ.”

राणी पायरीवरनं हलली नाही. “मी येते. पर ह्या गाडीत न्हाई.”

“का गं?”

“सातव्या महिन्यापासनं पिशवी भरून बसले हुते. सासू रोज इचारायची, आली का गाडी. बारशाला तू आली न्हाईस, तवा बोलले मी, त्या गाडीला पाय लावायची न्हाई.”

“कुणासमोर बोललीस?”

“सासू, दोन नणंदा, आन शेजारची.”

चारचौघींत बोललेला शब्द किती जड असतो, हे हरणाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरगी कुणावर गेली, हे सांगायचीही नव्हती.

राणीनं तोडगा सांगितला. आई, तू गाडीतनं जा. आमी दोघं मागनं यष्टीनं येतो.

हरणाबाईनं केबिनमध्ये इकडंतिकडं बघितलं. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही अजून काढला नव्हता. दहा महिने वाट बघितलेली गाडी होती. ती दार उघडून खाली उतरली.

विट्याच्या एसटीत खिडकीजवळ राणी बसली, तिच्या शेजारी मांडीवर शिवतेजला घेऊन हरणाबाई. मागनं हार घातलेली मोकळी पिकअप हॉर्न वाजवत येत होती. आज्जींना बरं वाटावं म्हणून अमृत वळणावळणाला वाजवत होता. कंडक्टर तिकिटाला आला, त्यानं मागं वाकून बघितलं आणि कुणाचं लग्न आहे म्हणून विचारलं.

“ती माझी गाडी हाय,” हरणाबाई म्हणाली.

“मग मावशी, तुमी हितं कशाला बसलाय?”

“पोरगी हितं हाय. दोन अर्धी दे.” मग मांडीवर बघून आवाज खाली करत ती म्हणाली, “आन जरा दारातनं त्या गाडीवाल्याला हात कर. म्हणावं, वाजवू नको. पोर आत्ता झोपलंय.”