वत्सलाअक्कांनी कपाट उघडायला लावलं

संध्याकाळी सात वाजता दार उघडलं, तरी वत्सलाअक्का दोन्ही हात वर करून म्हणतात, "उजाडलं!" त्यांच्या पंथात नमस्काराऐवजी हेच म्हणतात. मी पुण्याहून इकडे कन्नड मुलखात, राजाजीनगरात नवी आले होते, तेव्हा खरंच खिडकीबाहेर बघितलं होतं.

अक्का आमच्या शेजारी. सरकारी कारखान्यात मशीनचे नकाशे काढून निवृत्त झाल्या आणि वर्षभरात आनेकलजवळच्या आश्रमात जायला लागल्या. पंथाने त्यांचं नाव ठेवलं ‘शून्या’. "शून्य कसली? दुखणारे गुडघेच दोन आहेत," असं म्हणून त्यांनी ते स्वामींना परत केलं. पटलं तर "सरी सरी", नाही पटलं तर "स्वल्प थांबा!"

एका रविवारी मलाही घेऊन गेल्या. पांढऱ्या कपड्यांतली साठ माणसं मुकाट जेवत होती. नव्या साधकांनी चाळीस दिवस घराशी बोलायचं नाही, असा नियम. त्यांचे फोन लोखंडी कपाटात, किल्ली स्वामींकडे. अक्कांच्या शेजारची नागपूरची मुलगी ताटावर रडत होती. अक्कांनी कानाशी जाऊन विचारलं आणि गुडघे धरत उभ्या राहिल्या.

"स्वामी, स्वल्प थांबा!"

साठ घास हातातच राहिले.

"मौन," स्वामी म्हणाले.

"तुम्हीही बोललातच की. किल्ली द्या. हिच्या आईचं आज ऑपरेशन आहे."

"ही आसक्ती आहे, अक्का."

"आहेच. आई आहे ती!"

स्वामी वयाने तरुणच. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग मुकाट्याने किल्ली काढली.

"आई शुद्धीवर आली!" फोन कानाला लावून मुलगी ओरडली, आणि मौन पाळणारा अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला. कपाटापुढे ही रांग! कन्नड, तेलुगू, हिंदी, नुसता गलका. सगळ्यांत शेवटी स्वामी. कोपऱ्यात जाऊन विचारत होते, "अम्मा, ऊटा आयता?" जेवलीस का, एवढं कन्नड मलाही येतं. नियमाचा कागद त्याच दुपारी भिंतीवरून उतरला.

परतताना बसमध्ये अक्का लढाई जिंकल्यासारख्या ताठ बसल्या होत्या.

"तुम्ही नाही केलात कुणाला फोन?" मी विचारलं.

"कुणाला करू गं?"

"मग इतक्या लांब जाता तरी कशाला?"



"घरी एकटीला जेवण जात नाही. तिथे कुणी बोलत नाही, पण दोन्ही बाजूंना माणूस असतं."