शैलजाताईंचं वाहिलेलं हसू

ह्यांची मालिका हजार भाग चालू दे, मी माझं हसू तुझ्या पायाशी वाहीन, असा नवस शैलजाताई पेंडुरकरांनी डोंगरजाईला केला होता. मालिका हजार भाग चालली, आणि नवरात्रात अष्टमीला देवस्थानाने त्यांचं हसू रीतसर पावती देऊन जमा करून घेतलं.

बाकीच्या बायका साडी वाहतात, चांदीचे डोळे वाहतात. ताईंना वाटलं, देवीला आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं द्यावं. त्यांच्याकडे सगळ्यांत चांगलं हसूच होतं. शेवटी बारीकशी उचकी लागणारं, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही हसवणारं. नवस फेडून त्या घरी आल्या, देवापुढे साखर ठेवली आणि गवार मोडायला बसल्या.

अडचण उभी राहिली ती कोजागरी उलटल्यावर.

त्यांचे यजमान विद्याधर पेंडुरकर विनोदी मालिका लिहीत. ऑफिसच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांपासून सुरुवात करून ते आता दूरदर्शन संचावर दिसायला लागले होते. दर आठवड्याला लाल खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या विनोदांना गुण देत. भाजीवाल्या त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत. पण सव्वीस वर्षं लिहिण्याची रीत एकच. प्रत्येक प्रसंग स्वयंपाकघरात बायकोला वाचून दाखवायचा, ती हसेल तिथे लाल पेन्सिलीने खूण करायची, खूण नसलेली ओळ घराबाहेर जाऊ द्यायची नाही.

नव्या मालिकेचा पहिला भाग त्यांनी वाचायला घेतला. खूण होईना.

"अगं, हे डॉक्टर आणि म्हशीचं. हे तरी?"

"चांगलं आहे हो. फार चांगलं आहे."

"मग हस ना!"

"हसू आहे कुठे? देवीला नाही का वाहिलं."

"मला एका शब्दाने विचारायचंस तरी!"

"नवस काय विचारून करतात?"

अकरा प्रसंग फाडून झाले. वाहिनीवरून निरोप आला, मंगळवारपर्यंत भाग हातात पडला नाही तर ती वेळ दुसऱ्या मालिकेला जाईल. विद्याधरराव कोऱ्या समासाचं पान धरून बसले होते. म्हणाले, "यातलं विनोदी कुठलं ते मला कळतच नाही गं. कधीच कळलं नव्हतं."

ताईंनी साडी बदलली आणि देवस्थानाची कचेरी गाठली. तिथे गोठणकर नावाचे कारकून होते.

"वहिनी, वाहिलेली वस्तू परत देता येत नाही."

"परत नको. आठवडाभर वापरायला द्या. पुन्हा आणून वाहते."

"उष्टं देवीला चालेल का?"

हे ताईंना पटलं, त्यामुळे जास्तच चिडचिड झाली. "मग इथेच, गाभाऱ्यासमोर बसून हसते. ह्यांना बोलावून घेते इथे."

गोठणकरांनी वही उघडली, बोट फिरवलं. "ते तर दसऱ्याच्या लिलावात गेलं. साड्या-नारळांबरोबर."

"माझं हसू? लिलावात?"

"सुट्याला बोलीच लागेना. दोन खण जोडले, तेव्हा कुठे गेलं."

ताईंना हे फार लागलं. पण त्यांनी फक्त पत्ता विचारला. भार्गव शेडगे, निवृत्त मीटर तपासनीस, पाण्याच्या टाकीमागे.

दार उघडणाऱ्या शेडग्यांच्या जाड मिशा खाली वळलेल्या होत्या. ताईंनी नाव सांगताच ते आत जाऊन खण घेऊन आले. "हे न्या ताई. घडीसुद्धा मोडली नाही. मला उपयोग नाही."

"खण असू द्यात. हसू हवंय."

शेडग्यांनी खण बाजूला ठेवले. "तेहतीस वर्षं लोकांच्या दारात मीटर बघत हिंडलो. हसरा तपासनीस कोणाला परवडतो? निवृत्त झाल्यावर बघतो, तर आतलं सगळं आटलेलं. नात मांडीवर येईना. आता येते."

तेवढ्यात चार वर्षांची नात पडद्यामागून आली. "आजोबा, उचकीवालं हसा ना."

शेडगे हसले. मिशांखालून ताईंचं स्वतःचं हसू उचकीसकट बाहेर आलं. पोर टुणकन मांडीवर चढली.

मागायचं म्हटलं तरी आता जीभ रेटेना. ताईंना सगळ्यांचाच वैताग आला. गोठणकरांचा, यजमानांचा, थोडा देवीचाही. त्याबद्दल त्यांनी लगेच कानाला हात लावले. मग पदर सावरून म्हणाल्या, "शेडगेभाऊ, उद्या दुपारी घरी आहात? आमचे हे येतील. थोडं वाचतील. तुम्ही नुसतं ऐकायचं."

"मला विनोदातलं काही कळत नाही हो."

"ह्यांनाही नाही कळत."

दुसऱ्या दिवशी फाडलेले अकराच्या अकरा प्रसंग चिकटवून नेले. डॉक्टर-म्हशीला शेडगे असे हसले की विद्याधररावांच्या हातातली पेन्सिल निसटली. एकदा मात्र त्यांनी थांबून बायकोकडे पाहिलं. "इथे तू हसली असतीस. हे गप्प का?"

"पुढची ओळ वाचा आधी."

वाचली. शेडगे हसले. विद्याधररावांनी खूण केली.

भाग सोमवारीच वाहिनीकडे गेला, वेळ वाचली. आता वाचन दर गुरुवारी शेडग्यांकडे असतं. ते इस्त्रीचा सदरा घालून बसतात. ताईही जातात. हसायची जागा आली की त्यांना जिन्याची एक पायरी कमी निघाल्यासारखं होतं, मग त्या सावरून बसतात. नवसाचा पस्तावा मात्र त्यांना नाही. देवीने दिलं, आपणही दिलं.

तर बायांनो, तुम्हीही असा नवस करा. हात आखडू नका, आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं तेच वाहा. फक्त दसऱ्याला सकाळी नऊच्या आत देवळात जातीने हजर राहा, आणि पहिली बोली आपली लावा.