पाचवीचा संबंध

धम्मानंद सर हट्ट्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. चाळिशी उलटली तरी लग्नाचा पत्ता नव्हता. पण यंदा आपल्या घरी माणसं येणार म्हणजे येणारच, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. सिद्धेश्वर धरणाजवळच्या माळावर दुर्बिणीला कॅमेरा बांधून त्यांनी आभाळातल्या पाच दीर्घिकांचा, म्हणजे दूरच्या ताराविश्वांचा, घोळका टिपला होता. एवढा थोर फोटो बघायला लोक येणार नाहीत तर जातील कुठं?

औंढ्याला पुनमचंदच्या स्टुडिओत रोल धुवायला देताना सर रंगात आले. "पाचजणी आहेत. चौघी एका घरच्या. पाचवीचा संबंध जुळतो का, तेवढं बघायचंय."

पुनमचंदनं मान डोलावली. त्याची जीभ मात्र सरांच्या एसटीआधी हट्ट्याला पोचली.

रविवारी फोटो बघायला या, असं सगळ्यांना सांगून सरांनी पोहे भिजवले, शेजारच्या कमलबाईंकडून कप मागून आणले. बघतात तर अख्खी स्टाफरूम कमलबाईंसकट दारात, तीही पेढे घेऊन. सरांना भरून आलं. या उंबऱ्याला पोस्टमनशिवाय कुणी शिवत नव्हतं.

"पाचवी खरं तर आपल्या जवळची," सर सांगू लागले.

"जवळची असंल तर बराबर हाय," कमलबाई म्हणाल्या. "वय काय तिचं?"

"असेल काही अब्ज वर्षं."

कमलबाईंचा पेढा तोंडातच राहिला.

तेवढ्यात पुनमचंद पाकीट घेऊन आला. सरांनी फोटो काढला. काळाकुट्ट, मधे एक ठिपका.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"तुमचा फ्लॅशच उडला न्हाई, सर. वरून निगेटिव्हभर डाग. म्हटलं, पाहुण्यांना दाखवायचा फोटो हाय. एकेक डाग ब्लेडनं खरवडून काढला. तेवढा एक ऱ्हायला."

सरांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडलं तर माणसं उठून जातील, म्हणून त्यांनी पोहे वाढले आणि या पाचजणी मुली नव्हेत, आभाळातल्या दीर्घिका, असा सगळा खुलासा केला. माणसं हसून हसून लोळली.

"मंग ऱ्हायली ती कोणती?" कमलबाईंनी विचारलं.

सरांनी भिंग लावलं. "पाचवीच. हिचा त्या चौघींशी काही संबंध नाही. नुसती त्यांच्यापुढं उभी दिसते."

"एकटीच व्हय बिचारी. आता हिलाच हो म्हणा, सर."

संध्याकाळी खोली पुन्हा रिकामी झाली. सरांनी फोटो खाटेसमोर लावला आणि कप घासूनपुसून फळीवर ठेवले. कप परत मात्र दिले नाहीत. मागायला का होईना, कमलबाई एकदा येतीलच.