रामजन्माचं घड्याळ

यंत्राला माणूस घाबरतो तो उगाच. यंत्र म्हणजे काय, चार चाकं आणि एक कमान. उघडावं, पुसावं, तेल घालावं, मिटावं. अंबरनाथच्या कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरवर कारकून म्हणून बसल्यापासून माझं हे मत इतकं पक्कं झालं होतं, की कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. पाने, पेचकस, चिमटे दिवसभर माझ्याच हातून जातात. मी ते नुसते देतो आणि परत घेतो, ही गोष्ट वेगळी. पण जन्मभर पंगतीत पोळ्या वाढणाऱ्याला पोळीतलं थोडंतरी कळत असेलच की नाही?

तेव्हा विष्णुपंत बुवा आमच्या ओट्यावर बसून "अनंतराव, घड्याळ बंद पडलंय हो" असं म्हणाले, त्या क्षणी मी हात पुढे केला.

"आणा इकडे."

आतून आमची ही म्हणाली, "अहो, ते बुवांच्या गुरूंचं आहे."

"म्हणूनच आणा म्हणतोय," मी म्हणालो.

विष्णुपंत बुवा म्हणजे बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातले कीर्तनकार. आमच्या आळीतल्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन वर्षानुवर्षं त्यांचंच. आणि मी पडलो कीर्तनवेडा. बुवांनी एकदा झांज उचलून डोळे मिटले, की साहेबाचं बोलणं आठवडाभर सोसायची ताकद माझ्यात येते. अशा माणसाचं घड्याळ बंद असावं आणि आपण हात बांधून बसावं, हे मला बरं दिसेना.

घड्याळाचं महत्त्व सांगायला हवं. एरवीच्या कीर्तनात बुवा पाऊण तास इकडे तिकडे झाले तर कुणी विचारत नाही. रामजन्माचं तसं नाही. राम बरोबर माध्यान्ही जन्माला यायला हवा. पूर्वरंग आटपायचा, आख्यान लावायचं, दशरथाकडून यज्ञ करवून घ्यायचा, राण्यांना पायस द्यायचं, कौसल्येचे डोहाळे पुरवायचे आणि नेमकं बाराला पाळण्यापाशी पोचायचं. लवकर पोचलं तर उगाच उभं राहता येत नाही, आणि उशीर झाला तर राम काही कुणासाठी थांबत नाही. बुवा हे सगळं त्या साखळीच्या घड्याळावर तोलत. ते पेटीवर उघडं ठेवत आणि अभंगाच्या आडून त्याच्याकडे एक डोळा टाकत.

गेल्या रामनवमीला ते ऐन यज्ञात बंद पडलं. बुवा काट्याकडे बघतायत, काटा हलत नाही, म्हणजे वेळ भरपूर आहे, असं समजून त्यांनी ऋष्यशृंगाची कथा मुळापासून सांगायला घेतली. कारखान्याचा बाराचा भोंगा टाळांच्या गजरात कुणाला ऐकूच आला नाही. राम जन्मला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, पोरं रडून रडून झोपली होती, आणि मंदिराचे पंच श्रीपादराव पाळण्याची दोरी धरून इतका वेळ उभे होते, की शेवटी पाळणा बांधणाऱ्या कौसाबाईंनी त्यांना बसायला पाट दिला.

"श्रीपादरावांनी निरोप धाडलाय," बुवा म्हणाले. "यंदा वेळ चुकली तर पुढच्या वर्षी ठाण्याहून कुणी तरुण कीर्तनकार बोलावतील म्हणे."

"त्यांचं काय मनावर घेता, बुवा."

"घेतो हो. इतकी वर्षं रामनवमी म्हणजे हे देऊळ. त्या दिवशी घरी बसून मी काय करू? भिंतीला सांगू आख्यान?"

एवढं बोलून ते दमल्यासारखे भिंतीला टेकले. मी घड्याळ धोतराच्या सोग्यात घेतलं.

रविवारी दुपारी ओसरीत पाट मांडला, त्यावर पांढरं उपरणं अंथरलं, रामाचं नाव घेतलं आणि मागचं झाकण उघडलं. आत यंत्र दिसेना. आत होता बुक्का. बुवांच्या पिशवीत घड्याळाचा मुक्काम बुक्क्याच्या डबीशेजारी, आणि कीर्तनात बुक्क्याच्या बोटांनीच ते उघडमीट करणार. इतक्या वर्षांचा काळाभोर, सुवासिक थर चाकाचाकांत बसला होता. घड्याळ कसलं, बुक्क्याची दुसरी डबीच होती ती. मला आधी हात जोडावेसे वाटले आणि मग पेचकस घ्यावासा वाटला.

स्क्रू सुटत गेले, चाकं निघत गेली, माझा आत्मविश्वास वाढत गेला. सगळं एका वाटीत रॉकेल घालून बुडवलं. राहिली होती मोठी कमान. ती एका गोल डबीत बसलेली असते. तिचं झाकण मी नखानं उचकटलं. कमानीला बहुधा इतकी वर्षं बाहेर पडायची ओढ असावी. ती माझ्या नाकावरून सरळ वर गेली, आढ्याला लागली आणि खाली येताना वाटीवर आदळली.

ही पलीकडे पापड लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं नाही. नुसतं म्हणाली, "झालं?"

"काही नाही. कमान उडाली."

"आणि ते काय उडालं, माझ्या कानाशेजारून?"

ते एक दातेरी चाक होतं. आम्ही दोघांनी ओसरी झाडली, पाट उलटा केला, उपरणं झटकलं. उपरणं झटकल्यावर दोन स्क्रूही गेले, ते शोधले. चाक नाहीच. संध्याकाळी ही वाळत घातलेले पापड उलटायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. एका पापडाच्या मधोमध चाक बसलं होतं. लाटण्याखाली इतकं सुबक रुतलं होतं, की जणू हातानं नक्षी काढलीय.

"चाक काढून पापड तळू, का टाकून देऊ?" तिनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. रागापलीकडचं काहीतरी होतं.

आता वाटीत सगळं होतं, पण कशाच्या आत काय बसतं ते माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाटीवर फडकं बांधलं आणि उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. बाजारात टहलरामचं घड्याळाचं टपरीवजा दुकान होतं. त्यानं फडकं सोडून वास घेतला.

"साईं, ये घडी है के मसाला?"

"घडी आहे. खोललेली आहे."

"किसने खोली?"

"आमच्याकडे एक जण आहे," मी म्हणालो.

टहलरामनं डोळ्याला भिंग लावलं आणि वाटीत बराच वेळ पाहिलं. मग भिंग काढून मोकळेपणानं बोलला, "सच बोलूं? कराचीमध्ये माझा कपड्याचा धंदा होता. घडीचं काम इथे आल्यावर शिकलो. पहिली घडी सगी बहेनची खराब केली, दुसरी बहेनोईची. आता दोघं बोलत नाहीत. तुमची बनवतो, पण जल्दी करू नका."

मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आम्ही दोघांनी मिळून ते घड्याळ जुळवलं. तो चाक बसवी, मी "नाही, हे उलटं दिसतंय" म्हणे, तो काढी, मग पुन्हा तसंच बसवी. कामावरून सुटलो की मी त्याच्याकडे जायचो. घरी ही ताट वाढून झाकून ठेवत असे आणि काही विचारत नसे. अखेर एका संध्याकाळी घड्याळ टिकटिकलं. टहलरामनं दोन्ही हात कानांना लावले, मी "जय जय राम" म्हणालो, आणि शेजारच्या लोणच्यावाल्यानं आम्हांला एकेक फोड दिली.

निघताना टहलरामनं आतली एक केसासारखी बारीक, वेटोळी कमान दाखवली. "ये बालकमान. इला तेल लावू नका. वेटोळी एकमेकांना चिकटली की घडी पागल होते. धावते. बहेनोईची तशीच गेली."

"छे छे," मी म्हणालो.

घरी आणून घड्याळ कारखान्याच्या भोंग्याशी लावून पाहिलं. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशीही बरोबर. आता इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण रामनवमीच्या सकाळी अंघोळ करून, गंध लावून, मी घड्याळाचं झाकण उघडलं. इतकं गुणी यंत्र आज देवाच्या कामाला चाललंय आणि आपण कोरडंच पाठवायचं? देवापुढच्या समईचंच तेल होतं. एकच थेंब घातला, प्रेमानं. थेंब जरा मोठा पडला.

मंडप भरला होता. बुवांनी घड्याळ पेटीवर ठेवलं, कानाशी नेऊन ऐकलं आणि माझ्याकडे पाहून हसले. त्यांचा गेल्या वर्षभराचा शीण त्या हसण्यात उतरलेला मला दिसला. पूर्वरंग सुंदर रंगला. बुवा निवांत होते. बुक्का झाला, हार झाला, आख्यान लागलं. शरयूचं वर्णन चालू असताना बुवांनी एक डोळा घड्याळाकडे टाकला, आणि त्यांचा सूर हलला.

चैत्राचं ऊन तापलं होतं, तेल पातळ होऊन जिथं जायचं तिथं गेलं होतं.

बुवांनी शरयू तशीच वाहती सोडली आणि यज्ञ पेटवला. पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. यज्ञ विझायच्या आत अग्निदेव पायस घेऊन वर आले. तिन्ही राण्यांनी उभ्या उभ्या ते घेतलं. तबलेवाला लय गाठता गाठता घामानं निथळला.

खांबाशी उभ्या असलेल्या श्रीपादरावांनी मला लांबूनच मनगट दाखवलं. त्यांच्या घड्याळात अजून बराच वेळ होता. मी त्यांच्याकडे गेलो आणि कानात म्हणालो, "तुमचं मागे पडलंय. बुवांच्याशी मिळवून घ्या. ते मी स्वतः दुरुस्त केलंय."

त्यांनी मिळवून घेतलं. थोड्या वेळानं पाहिलं तर पुन्हा मागे. पुन्हा मिळवलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते मनगटावरून काढलं, कानाशी हलवलं आणि तिरस्कारानं खिशात टाकलं. मी आणखी दोघाचौघांची घड्याळंही अशीच सुधारून दिली.

कौसल्येचे डोहाळे एका श्वासात पुरवून झाले. बुवांनी हात उंचावला, "राम जन्मला गं सखे" असा एकच गलका उठला, गुलाल उडाला, फुलं उधळली, बायका पाळण्याला भिडल्या. श्रीपादरावांनी दोरी ओढली. त्यांचा चेहरा उजळला होता. पाळणा झाला, आरती झाली, सुंठवडा वाटून झाला. कुणाच्या तळहातावर तो अजून होता, कुणाच्या जिभेवर.

आणि कारखान्याचा भोंगा वाजला.

रामनवमीची सुट्टी असली तरी भोंगा वाजतोच. तो लांबलचक वाजत राहिला आणि सगळा मंडप तो शेवटपर्यंत ऐकत बसला. बुवा पेटीवर हात टेकून उभे होते. श्रीपादरावांनी खिशातलं घड्याळ काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

"बुवा," ते थंडपणे म्हणाले, "गेल्या वर्षी उशिरा. यंदा देवाला घाईनं आणलंत. हे काय चाललंय?"

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मी उठून "चूक माझी" असं म्हणणार, तोच पाळण्याजवळून कौसाबाईंचा आवाज आला.

"काय झालं त? माझा धाकला सातव्या मयन्यात जल्मला. आज त्याच भोंग्याच्या कारखान्यात पोती उचलतो. येलंच्या आदी आलेल्या पोराला जरा जास्ती जपावा लागतं, येवढाच." असं म्हणून त्यांनी पदराचं टोक पाळण्यातल्या रामावर पांघरलं. "आनि बुवा नसलं त पुढल्या साली पालना मी बांदनार न्हाय. सांगून ठेवते."

बायका हसल्या, मग पुरुष हसले. ज्यांची पोरं यंदा न रडता सुंठवडा खात होती ते जरा मोठ्यानंच हसले. श्रीपादरावांना पाळणा बांधता येत नव्हता, आणि आळीत दुसऱ्या कुणालाही येत नव्हता.

मंडप रिकामा झाल्यावर ते बुवांशी खांबाआड बराच वेळ बोलत होते. मी चपला शोधायच्या निमित्तानं वाकून उभा होतो. शेवटी बुवा बाहेर आले, पायरीवर माझ्याशेजारी बसले. घड्याळ त्यांच्या हातात होतं आणि अजून धावत होतं.

"रामनवमी आपलीच राहिली, अनंतराव," ते म्हणाले. "शिवाय पौर्णिमेला हनुमान जयंतीचं कीर्तनही मलाच करायला सांगितलंय. परीक्षा म्हणून."

"अरे वा. मग हे घड्याळ मला द्या. तेवढ्यात पुन्हा खोलून..."

बुवांनी ते पिशवीत खोल सारलं.

"हनुमंताचा जन्म सूर्योदयाला. घड्याळ लागत नाही, नुसता सूर्य लागतो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. थकलेला, पण मायेचा हात होता. "तुम्ही या हं नक्की. पुढेच बसा. फक्त हात मांडीखाली घेऊन बसा."